गाडीची कवळी

शनिवारी सकाळी तो आपल्या फाटकाशी मोटरसायकल पुसत होता, तेव्हा एक म्हातारबाई जवळ येऊन थांबल्या. सुतळीने बांधलेलं एक पुडकं त्यांनी छातीशी धरलं होतं. "पोस्ट ऑफिस कुठे आलं हो?" त्यांनी विचारलं. त्याने फडकं खांद्यावर टाकलं, रस्त्याकडे एकदा पाहिलं आणि अकरा वर्षं त्याच गल्लीत राहणाऱ्या माणसाला शोभेल अशा ठसक्यात सांगितलं, "सरळ जा. पुढे डावीकडे वळा. लागूनच आहे." "बरं झालं बाबा, तू भेटलास," म्हणत बाई एक पाय किंचित ओढत निघाल्या. त्या दहा पावलं गेल्या असतील-नसतील, तोच त्याच्या लक्षात आलं: पोस्ट ऑफिस कुठे आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं. बायकोबरोबर तो तिथे कितीदा तरी गेला होता. आतला करकरणारा पंखा, गोंदाची वाटी, खिडकीतल्या कारकुनाचं एका बाजूला कललेलं नाक, सगळं डोळ्यांपुढे लख्ख होतं. फक्त या फाटकापासून त्या गोंदाच्या वाटीपर्यंतचा रस्ता डोक्यात कुठेच नव्हता. हाक मारावी असं वाटलं. पण हाक मारून सांगायचं काय? बाई कोपऱ्यावर डावीकडे वळल्या आणि दिसेनाशा झाल्या. तासाभराने बायको भाजी घेऊन आली आणि पिशवी खाली ठेवता ठेवता म्हणाली, "अहो, एक म्हाताऱ्या बाई उन्हातून पार पुलापर्यंत जाऊन आल्या बिचाऱ्या. कुणा मेल्याने उलटं पाठवलं त्यांना. पोस्ट आपल्या मागच्याच गल्लीत!" तो खाली वाकला आणि स्वच्छ झालेला मडगार्ड पुन्हा पुसू लागला.

त्याला डावं-उजवं कळत नव्हतं असं नाही. डाव्या-उजव्यावर तर तो पोट भरत होता. बावीस वर्षं तो दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवत होता. एखादा सुटा दात कुणी त्याच्या तळहातावर ठेवला, तर वरच्या जबड्यातला की खालच्या, कुठल्या बाजूचा, कितवा, हे तो डोळे मिटून अंगठ्याने चाचपून सांगायचा. अर्ध्या मिलिमीटरचा फरक त्याच्या बोटांना कळायचा. पण लॅबच्या दारातून बाहेर पडला की जग एकदम सपाट व्हायचं. प्रत्येक रस्ता समोर दिसे तेवढाच; कोपऱ्याच्या पलीकडे काहीच नसे. लोक म्हणत, "त्या बँकेच्या मागे," आणि त्याला वाटे, यांना बँकेच्या मागचं इथून कसं दिसतं? घर ते लॅब हा रस्ता त्याने जपमाळेसारखा पाठ केला होता: लाल फाटक, दुधाचं केंद्र, शिंप्याची पाटी, मग उजवीकडे, निळं शटर, मग डावीकडे. एकदा त्या निळ्या शटरवाल्याने शटर पिवळं केलं आणि तो सरळ पुढे निघून गेला, तो कुठल्या कुठे. रस्ता खणलेला असला की तो मुकाट्याने गाडी वळवून घरी यायचा आणि डोकं दुखतंय म्हणून पडून राहायचा. लॅबमध्ये त्याला सगळे अर्धशिशीवाला समजत. नात्यात तो घरकोंबडा. बायको लोकांना कौतुकानेच सांगायची, "यांना मेलं फिरायची हौसच नाही." तो हसून मान हलवायचा. हौस नसणं किती सोयीचं होतं. हौस नसलेल्या माणसाला कुणी खुळा म्हणत नाही.

त्या शनिवारी तो जेवला नाही नीट. बाईंचा तो ओढता पाय ताटात येत राहिला. आजवर आपण हरवलो ते एकटे हरवलो, आज दुसऱ्याला हरवलं, असं काहीतरी त्याला टोचत होतं. आणि हे खरं नाही, याआधीही एकदा आपल्या हरवण्याची झळ दुसऱ्याला लागली आहे, हेही त्याच वेळी आतून कुणीतरी म्हणत होतं. दुपारी त्याने कपाटावरचं खोकं काढलं. दातांचं साहित्य विकणाऱ्या कंपनीच्या सोडतीत दोन वर्षांपूर्वी त्याला एक यंत्र मिळालं होतं, रस्ता दाखवणारं. चारचाकीच्या काचेला चिकटवायचं. चारचाकी त्याच्याकडे नव्हती आणि फोन बटणांचा, त्यामुळे यंत्र तसंच पडून होतं. त्याने ते चार्ज केलं. पडदा उजळला, थोडा वेळ विचार केल्यासारखं काहीतरी गोल फिरलं आणि मग एका बारीक रेघेवर एक निळा बाण उमटला. बाण म्हणजे तो. त्याने बोटाने चित्र थोडं सरकवलं. मागच्या गल्लीत पाकिटाचं छोटंसं चिन्ह होतं. त्याने बोट बाणावर ठेवलं, मग पाकिटावर, मग पुन्हा बाणावर. मधलं अंतर त्याच्या बोटाच्या एका पेराएवढं होतं. तो कितीतरी वेळ पलंगाच्या कडेवर ते पेर बघत बसला. मग त्याने पत्त्याच्या चौकटीत एकेक अक्षर दाबत ताईच्या घराचा पत्ता भरला. यंत्राने क्षणभरही न अडखळता सांगितलं, ब्याण्णव किलोमीटर.

ताई त्याच्याशी चार वर्षं बोलली नव्हती.

यंत्र मोटरसायकलवर बसवायचं कसं, हा प्रश्न होता, आणि तो प्रश्न मिळाल्याचा त्याला आनंदच झाला. प्रश्न हाताचा होता. बाजारातला एक चिमटा त्याने आणून पाहिला. तो या जुन्या, जाड हँडलला धड बसेना. पहिल्याच खड्ड्यात मान टाकून मोकळा झाला. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तो गाडीपाशी गेला, हँडलच्या मध्यावर व्हॅसलीन चोळलं आणि जबड्याचं माप घ्यायचा मसाला त्यावर दाबून धरला. त्याच्या शेजारच्या टेबलावर पोर्सेलिनचे दात करणारा एक जाड चष्म्याचा माणूस बसायचा. त्याला सगळे चिनीमाती म्हणत. चिनीमाती डबा घेऊन पायरीवर जेवत होता. घास तसाच धरून तो म्हणाला, "हे काय रे? गाडीचे दात पडले का?"

"माप घेतोय."

"आ करायला सांग तिला."

मसाला घट्ट झाल्यावर त्याने तो अलगद सोडवला. आत हँडलची गोलाई, दोन बोल्टांची डोकी, एक जुना ओरखडासुद्धा उमटला होता. त्यात त्याने प्लास्टर ओतलं. दुसऱ्या दिवशी टेबलावर हँडलचा पांढरा तुकडा तयार होता, कुणाच्यातरी जबड्यासारखाच. त्यावर तो मेण चढवू लागला. यंत्राला खालून आधार देणारं ताट, कडेला चार ओठ, पडद्यावर ऊन पडू नये म्हणून वरून छोटासा छज्जा. दिव्यावर सुरी तापवायची, मेण उचलायचं, लावायचं, खरवडायचं. हात असे कामाला लागले की मन मोकळं सुटायचं, आणि ते मन आता कुठे जाणार हे त्याला माहीत होतं. तेवढी एकच वाट त्याला कधी चुकली नव्हती.

आई शेवटची दोन वर्षं ताईकडे होती. ताईचा फोन दुपारी आला होता: "लगेच नीघ. डॉक्टर म्हणतात, आजचा दिवस." बायको तेव्हा माहेरी होती. तो एकटाच बसमध्ये चढला. ताईने फोनवर सांगितलं होतं, स्टँडबाहेर पड, सरळ ये, पाण्याच्या टाकीपाशी वळ, समोर हॉस्पिटल. दहा मिनिटांचा रस्ता. बस चारला पोचली. तो स्टँडबाहेर पडला. स्टँडला दोन दारं होती आणि दोन्हींसमोर सरळ रस्ता होता. त्याने एक धरला. पुढे विचारलं, माणसाने हात करून दाखवलं. तो हात पहिल्या वळणापर्यंत पुरला. तिथे दुसऱ्याला विचारलं. पाण्याची टाकी त्याला दिसली, मग पुन्हा दिसली, मग तिसऱ्यांदा. दर वेळी ती वेगळ्याच बाजूने येऊन उभी राहिल्यासारखी. टॅक्सीवाल्याला गाठलं तर तो हसला, "अहो साहेब, इतक्यासाठी कशाला टॅक्सी? हे काय, मागे!" आणि त्यानेही हात केला. शर्ट पाठीला चिकटला. एका चपलांच्या दुकानापुढून तो तिसऱ्यांदा गेला तेव्हा आतल्या मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. मला नेऊन सोडता का, माझी आई तिथे आहे, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. ते त्याने मनात जुळवलं, तोंडापर्यंत आणलं आणि दर वेळी विचारलं तेच, सहज, जणू फिरायला निघाल्यासारखं, "हॉस्पिटल कुठे आलं हो?" तो आईच्या खाटेशी पोचला तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. चादर तोंडावर घेतलेली होती. जाऊन चाळीस मिनिटं झाली होती.

सगळं आटोपल्यावर पाहुणे गेले. ताई स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. त्याच्याकडे न बघता तिने विचारलं, "बस चारला आली. मी चौकशी केली. दीड तास कुठे होतास?" पंचेचाळीस वर्षांचा माणूस. दहा मिनिटांचा रस्ता. तो म्हणाला, "चहाला थांबलो होतो." हे वाक्य कुठून आलं ते त्याला आजही सांगता आलं नसतं. ताईने हातातलं पातेलं खाली ठेवलं. "चहाला," ती म्हणाली. त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही. आणि त्याला, लाज वाटावी इतकं, सुटल्यासारखं झालं होतं. पाषाणहृदयी ठरणं जमण्यासारखं होतं. त्यात निदान रुबाब होता.

मेणाचा तो नमुना भट्टीच्या डब्यात प्लास्टरमध्ये गाडून, मेण वितळवून, त्या पोकळीत त्याने कवळीची पावडर आणि लिक्विड कालवून भरलं. त्या लिक्विडचा नाक चुरचुरवणारा वास बायकोला त्याच्या शर्टांत, उशीत, सगळीकडे येत असे. बुधवारी घासून-पुसून चकचकीत केलेला स्टँड त्याने टेबलावर ठेवला. लॅबमध्ये तो एकच रंग होता, हिरड्यांचा गुलाबी. चिनीमातीने चष्मा कपाळावर चढवला. "अरे देवा," तो म्हणाला, "गाडीला कवळी बसवलीस!" संध्याकाळपर्यंत सगळी लॅब पायरीवर येऊन बघून गेली. गाडी आता पेरू खाणार, रात्री ग्लासात काढून ठेव हो, असं बरंच झालं. तोही हसला. हे हसणं वेगळं होतं. यात त्याला काही लपवायचं नव्हतं. घरी जाताना दुधाच्या केंद्रापुढच्या गतिरोधकावर कवळीचे टकदिशी दोन तुकडे झाले आणि यंत्र गाडीच्या बॅटरीला जोडलेल्या वायरीला लोंबकळू लागलं.

तुकडे घेऊन तो बाल्कनीत बसला. तुटलं ते बरोबर मध्यावर, वरच्या जबड्याची कवळी तुटते तसंच. इतकं घट्ट बसवायला नको होतं. तोंडातसुद्धा कवळीखालची हिरडी जराशी दबते, म्हणून कवळी टिकते. नुसत्या हाडावर बसवली तर घास चावताच फुटेल. ज्याला हादरे खायचेत त्याला थोडं हलू द्यायला हवं. इतक्या वर्षांत शेकडो जबड्यांना त्याने हे पुरवलं होतं आणि स्वतःच्या कामात विसरला होता. दुसऱ्या खेपेला त्याने आतून जाळी आणि स्टीलची तार घातली, हँडलला टेकते तिथे दुखऱ्या हिरड्यांसाठी वापरतात तो मऊ थर दिला, आणि वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून बसवली. शुक्रवारी तो मुद्दाम त्या गतिरोधकावरून सहा वेळा गेला. दूधवाला बाहेर येऊन बघू लागला. यंत्र थरथरे, डुले आणि पुन्हा जागेवर येई.

शनिवारी सकाळी त्याने बायकोला सांगितलं, "ताईकडे जाऊन येतो."

तिने लाटणं थांबवलं. "कधी?"

"आत्ता. गाडीवर."

"एकटे?" ती दारापर्यंत आली. गाडीवरच्या त्या गुलाबी वस्तूकडे तिने पाहिलं, मग त्याच्याकडे. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हलकेच सरकलं, शब्दकोड्यातलं एखादं घर भरावं तसं. "मी येऊ का बरोबर?"

"नको."

"बरं," ती म्हणाली. "पोचलात की फोन करा." आणि तो हेल्मेटची पट्टी आवळत असताना, अगदी हळू, "मध्येच वाटलं तरी करा."

यंत्रातल्या बाईचा आवाज हेल्मेटच्या आत पुसटसाच ऐकू येत होता, पण बाण दिसत होता. लाल फाटक, दुधाचं केंद्र, शिंप्याची पाटी, आणि जिथे रोज उजवीकडे वळायचं तिथे बाण डावीकडे वळला. त्याने गाडीचा वेग कमी केला. तो वळला. अनोळखी दुकानं, अनोळखी झाडं आली आणि गेली. दर वेळी त्याला वाटे की आता आपण हरवलो. पण तो बाणाकडे बघे, आणि बाण रेघेवर असे. शहर संपलं. एका फाट्यावर बाण सरळ जा म्हणत असताना तो, कशासाठी कोण जाणे, उजवीकडे वळला. मुद्दाम. आता यंत्रातली बाई चिडेल. वडील चिडायचे तसं म्हणेल, "एवढं साधं कळत नाही?" पडद्यावर ते गोल क्षणभर फिरलं आणि नवी रेघ उमटली. तीनशे मीटरवर डावीकडे वळा. आवाजात तसूभर फरक नव्हता. त्याने पुन्हा चुकवलं. पुन्हा नवी रेघ. उसाच्या की कशाच्या तरी शेतांतून, विटांच्या ढिगांवरून, एका शाळेच्या मैदानाला वळसा घालून तो चुकत राहिला, आणि दर चुकीला बाईने जिथे होता तिथूनच पुढचा रस्ता सांगितला. कुठल्याशा कालव्याच्या काठावर त्याने गाडी थांबवली, हेल्मेट काढलं आणि तो रडला. मग नाक शिंकरून, गाडी पुसायच्या फडक्याने पडद्यावरची धूळ पुसून पुढे निघाला.

ताईने दार उघडलं. चार वर्षांत तिचे केस पांढरे झाले होते. तिने आधी त्याच्यामागे पाहिलं, बरोबर कोणी आहे का ते. "एकटा आलास?"

"हो."

"ये," ती म्हणाली, आणि वाटेतून बाजूला झाली. तो खुर्चीच्या कडेवर बसला. वाटेत जुळवलेलं सगळं विसरला होता. "ताई, त्या दिवशी मी चहाला थांबलो नव्हतो," तो म्हणाला. "मला हॉस्पिटल सापडलं नाही."

"म्हणजे?"

"रस्ता सापडला नाही. मला सापडतच नाहीत रस्ते. कधीच. दीड तास मी तिथेच फिरत होतो. टाकीपाशी तीनदा आलो." तो गुडघ्यांवरच्या आपल्या हातांकडे बघत बोलत होता. "खुळा ठरेन म्हणून चहा म्हणालो."

ताईने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. मग तिचा आवाज चढला. "चार वर्षं! चार वर्षं मी लोकांना सांगत फिरले, आई तिकडे जात होती आणि हा चहा पीत होता! तोंड नव्हतं तुला? एक शब्द?" ती उठून खिडकीपाशी गेली. पदराने तिने खिडकीचा गज पुसला, काही नसताना. पाठमोरीच म्हणाली, "तिला माहीत होतं."

"कोणाला?"

"आईला. बस यायच्या आधी मला म्हणाली, स्टँडवर जा, त्याला घेऊन ये, तो चुकेल. दोनदा म्हणाली. मी म्हटलं, अगं, तो काय लहान आहे का आता? दहा मिनिटांचा रस्ता. मी गेले नाही." तिने गजावरचा हात काढला नाही. "तू चहा म्हणालास ना, मला बरं वाटलं होतं रे. रागवायला कोणीतरी मिळालं. नाहीतर मीच होते."

त्याला एकाएकी शाळा आठवली. पाचवीपर्यंत आई रोज शाळेच्या फाटकाशी उभी असे. मुलं हसत, आई त्यांच्या देखत मोठ्याने म्हणे, "मला इकडे कामच होतं, म्हटलं जाता जाता तुला घ्यावं." रोज काम. कधी दोऱ्याचं रीळ, कधी चार लिंबं, कधी काहीच नाही. ते काम कसलं होतं, हे त्याला आत्ता, या खुर्चीवर, एकोणपन्नासाव्या वर्षी कळलं. ताईला ते सांगावं म्हणून तो उठला. "तोंड धुऊन ये," ताई म्हणाली. "धुळीने भरलायस नुसता." आणि डोळे टिपत आत स्वयंपाकघरात गेली.

बोळात तीन दारं होती, तिन्ही सारखी. त्याने एक ढकललं. आत अर्धवट उजेड होता. भिंतीशी एक लोखंडी पलंग, त्यावर घडी न मोडलेली स्वच्छ चादर, उशाशी पाण्याच्या तांब्याचं स्टूल आणि पलंगाखाली एकीला एक लावून ठेवलेल्या आईच्या सपाता. तो उंबऱ्यातच थबकला.

"ते नाही रे, पुढचं," स्वयंपाकघरातून ताईचा आवाज आला. भांड्यांचा आवाज थांबला. मग ती म्हणाली, "नाही, राहू दे. तिथेच थांब. मी येते."

आणि बोळातून तिची पावलं येऊ लागली.